सौंदर्याच्या बाणांसाठी पिसं

३ ऑगस्ट
ठराव. सौंदर्याचे बारा बाण मीच करणार. बांबूचे, खरी पिसं लावून. तिची धनुर्विद्येची निवड चाचणी ७ सप्टेंबरला, तंजावरात. शाळेतून रिटायर झालो तरी तिचा सर, इकडच्या बोलीत ‘सार’, मीच. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या फौजेत होते. हात आपोआप चालेल.

५ ऑगस्ट
नियमपत्रक आलं. पिसं नैसर्गिक हवीत, कायदेशीर हवीत आणि कुठून आणली ते लिहून द्यायचं. सौंदर्या म्हणाली, सार, पापनाशमला टर्कीचा फार्म आहे, बिलसुद्धा देतात.
टर्की! पोरीला कल्पनाशक्ती म्हणून नाही.

७ ऑगस्ट
वनखात्याच्या ऑफिसात गेलो. घारीच्या पिसांची परवानगी मागितली. तिथल्या बाई शांतपणे म्हणाल्या, रानपक्ष्याचं पीस जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा. गळून पडलेलं असलं तरी? तरी. पाळीव कोंबडी, बदक, टर्की चालेल.
बाई तरुण आहेत. अनुभव कमी.

१६ ऑगस्ट, सकाळी ११
नाचियारकोविलला गोमतीसाठी समई आणायला गेलो होतो. विजेच्या तारेखाली मेलेला गरुड! दोन्ही पंख शाबूत. एका बाणाला तीन पिसं, तिन्ही एकाच पंखाची लागतात. डाव्या पंखातून सहा बाण, उजव्यातून सहा. इतकं नेमकं जुळतं तेव्हा तो संकेतच.
मी मारलेला नाही. म्हणजे कायदेशीर.
समई राहिली. गोमतीने पिशवीत डोकावून पाहिलं. म्हणाली, ‘अहो, त्या पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे हा. तुमची हौस नव्हे.’ बायकोला धनुर्विद्येतलं काय कळणार.

२ सप्टेंबर
बाण तयार. देखणे. सौंदर्याने विचारलं, ‘टर्कीचीच ना, सार?’ मी म्हणालो, पिसं उत्तम आहेत. खोटं बोललो नाही. फॉर्मवर ‘टर्की’ तिने स्वतःच्या हाताने लिहिलं.

७ सप्टेंबर
तपासणीच्या टेबलाशी एका अधिकाऱ्याने बाण उन्हात धरला. दुसऱ्याला बोलावलं. मग वनखात्याला फोन. कोणी केले हे बाण? सौंदर्याने माझ्याकडे पाहिलं.
नेमकं तेव्हाच मला आठवलं, छत्री बसमध्ये राहिली. बसस्टँडवर जाऊन आलो. तोवर चाचणी उरकली होती. तिला रेषेवर उभंसुद्धा राहू दिलं नाही. बाण जप्त, तिचा जबाब घेतला.
‘तुमचं नाव तिने सांगितलं नाही, सार,’ तिची आई सुंदरी म्हणाली. एवढंच म्हणाली.
गुणी मुलगी. माझीच शिकवण.
छत्री घरीच होती.

१३ सप्टेंबर
ठराव. वनखात्यात जाऊन सगळं खरं सांगणार. उद्या रविवार. परवा नवमी. मंगळवारी दुपारी राहुकाळ, पण सकाळी जाता येईल. बघू.
गोमती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. तिचा घसा बसला असावा.

१७ सप्टेंबर
काल पाय दुखत होता.

२१ सप्टेंबर
पापनाशमहून टर्कीची पिसं आणली, बिलासकट. रात्रंदिवस खपून चार दिवसांत बारा बाण केले असते, पण पिसं आजच मिळाली, तीन केले. सौंदर्याच्या घरी घेऊन गेलो. सुंदरीने ते दारातच हातात घेतले. आतून सौंदर्याचा आवाज येत होता, कोणाशी तरी हसत बोलत होती. मी आल्याचं कळल्यावर थांबला.
सुंदरी आत या म्हणाली नाही. कॉफी विचारली नाही. कुंभकोणमात कोणाच्या दारातून असं परतायची माझी ही पहिलीच वेळ.
दूध नासलं असणार.