सोमवारचा नमस्कार

हामादा, ४ डिसेंबर

चि. इत्सुकोस, ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी संत्री पोचली, गोड आहेत. इथलं मात्र काही धड नाही. मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर दगड ठेवायला वाकले आणि पाठीत काहीतरी खचलं. डॉक्टर म्हणाले, मणका दबलाय, हाडं आतून पोकळ झालीत. पडले नाही, धडपडले नाही, मग मोडलं कसं? आता दर सोमवारी उठल्याउठल्या उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. वर म्हणतात, दुखणं ओसरलं की चाला, खुर्ची धरून टाचा उचला. हाड मोडलेल्या बाईला कवायत! माझी मतीच गुंग झालीय.

त्यात गोळी घेतली की छातीत जाळ होतो. मायुमी म्हणते, आणखी एक हाड मोडलं की सरळ वृद्धाश्रम. लेक खरी, पण बोलते सासूसारखी. हे घर मी सोडणार नाही. गोळी मात्र गुपचूप बंद केलीय. तिला बोलू नकोस.

तुझीच,
किनुए

हिरोशिमा, ९ डिसेंबर

ती. किनुएताईस, धाकटीचा सा. न. वि. वि.

गुपचूप म्हणे! घर सोडायचं नाही आणि घरात टिकवणारी गोळीच सोडायची, हा कुठला शहाणपणा? आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी कमी पडलं किंवा माणूस लगेच वाकलं तर अशी जळजळ होते; डॉक्टरांना आधी सांगा. तू लहानपणापासून अर्धंच ऐकतेस, म्हणून विचारते: सोमवारी अंथरुणातून उठल्यापासून काय काय करतेस, सगळं लिही. चहा तर घेत नाहीस ना गोळीवर?

माया पातळ करू नकोस.
इत्सुको

हामादा, १४ डिसेंबर

चि. इत्सुकोस, रागावलेल्या ताईचेही आशीर्वादच.

चहा नाही, पाणीच! हे गेल्यापासून, उठले की आधी ह्यांच्या देव्हाऱ्यात ताजं पाणी ठेवते. त्यांच्याआधी मी कशी पिऊ? मग तीच वाटी उतरवून त्या पाण्याबरोबर गोळी घ्यायचे. वाटी अंगठ्याएवढी, पण गोळी तरी केवढीशी! मग चटईवर कपाळ टेकून ह्यांना सगळी गाऱ्हाणी सांगते. कधी तशीच डुलकीही लागते. जाळ व्हायचा तो तेव्हाच. मला वाटलं, हेच चिडलेत, की ही गोळ्या खाऊन इथेच रमलीय, माझ्याकडे यायचं नाव घेत नाही.

वाकू नका म्हणजे कामाला वाकू नका, असं मी समजले. नमस्कार म्हणजे का वाकणं? काही कळेनासं झालंय गं.

किनुए

हिरोशिमा, १८ डिसेंबर

ती. ताईस, हसावं की रडावं हे न कळलेल्या इत्सुकोचा नमस्कार (उभ्याने).

अगं, घशाखाली गोळी अडकली की तिला नमस्कार काय आणि मुळे उपटणं काय, सारखंच! पत्र मिळताच डॉक्टरांकडे जा आणि ती वाटी, ती डुलकी, सगळं सांग. आणि शिगेओ भाऊजी चिडले असतील हे मनातून काढ. लग्नाआधी तुझ्यासाठी बस थांब्यावर पावसात ताटकळायचे ते. सोमवारच्या नमस्काराला अर्धा तास थांबतील.

मला तुझी काळजी वाटते, ताई. आपण दोघीच उरलोय.
इत्सुको

हामादा, ८ फेब्रुवारी

चि. इत्सुकोस, सरळ उभ्या ताईचे आशीर्वाद.

डॉक्टर आधी रागावले, मग हसले. जळजळ थांबेपर्यंत गोळी थांबवली होती, आता पुन्हा सुरू झाली, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. जाळ नाही. झिजलेलं हाड भार दिल्याने टिकतं, असं ते समजावतात. मी मान डोलावते, पण कळलेलं काहीच नाही. मायुमीने येऊन माझी कवायत पाहिली. पुढच्या तपासणीपर्यंत वृद्धाश्रमाचं नाव काढणार नाही म्हणाली.

सोमवारी आता देव्हाऱ्यापुढे उभीच असते, खांब धरून. ह्यांचा फोटो वर तुळईला टांगलाय ना, इतकी वर्षं मी खाली कपाळ टेकूनच बोलले. उंची घटल्यामुळे नुसतं उभं राहून काचेवरचा उजेडच दिसतो. पण टाचा उचलल्या की हे दिसतात. इत्सुको, ह्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय गं. तसाच फोटो काढून घेतला आणि मला कधी बोलले नाहीत. परवा मी खूप रडले, आणि टाचा दुखेस्तोवर खाली आले नाही.

अशीच लिहीत राहा, मला तुझाच आधार.
किनुए