वर्तणूक : चांगली

सर, ती तुमच्या लुनावर कधीच का बसली नाही? मला उत्तर माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं का, हेही माहीत नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि एवढ्या काळात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. गेल्या शनिवारी पडला, आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे. खरं तर इथल्या काकांवर चिडायला हवं, त्या लहान मुलीच्या आईवर चिडायला हवं. चिडतेच. पण राग फिरून फिरून तुमच्याकडे येतो. काका कोण ते सांगते, आधी आपलं मैदान.

शाळेच्या मागे, केळीच्या वखारीला लागून. बाबा त्याच वखारीत ट्रक भरायचे, म्हणून बॉल भिंतीपलीकडे गेला की आणायला मलाच पाठवायचे. आम्ही बारा जणी, पाच ग्लोव्ह्ज, एक हेल्मेट. हेल्मेट बॅटिंग करणारीच्या डोक्यावरून पुढचीच्या डोक्यावर जायचं, घामासकट. आई सॉफ्टबॉलला 'सापबॉल' म्हणायची आणि मुलींनी असलं काही खेळायचं नाही यावर ठाम होती. तुम्ही घरी आलात, ओट्यावर बसून अर्धा कप चहा घेतलात आणि म्हणालात, "ताई, खेळाचे गुण मिळतात. पोरगी कॉलेजला जाईल." मी गेले. आमच्या घरातली पहिली. त्या अर्ध्या कपाची गोष्ट मी इथे जर्मनीतही लोकांना सांगते. एकदा मी मागे न बघता बॅट फिरवली आणि एकीच्या कानाजवळून गेली. तुम्ही बॅट काढून घेतलीत. ओरडला नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "बॅट हातात आली की आधी मागं बघायचं. पुढं काय, कुणीपण बघतं." आठवडाभर मी भिंतीशी बसून होते. आमच्या डोक्याची, हाडांची तुम्हाला केवढी काळजी होती. सरावाआधी तुम्ही मैदानभर अनवाणी चालायचात, काच-खडा पायालाच कळतो म्हणून.

सराव संपेपर्यंत दिवे लागायचे, आणि मग तुमच्या लुनाच्या फेऱ्या. लांब राहणाऱ्या आम्ही चौघी. एका वेळी एक. मी रेल्वे फाटकापलीकडची, म्हणून माझा नंबर शेवटी. फाटक बंद असलं की तुम्ही लुना बंद करायचात आणि पाढे विचारायचात. एकोणतीसचा पाढा मला अजून फाटकासारखाच येतो, मध्येच अडकून. घराशी उतरताना ठरलेलं वाक्य : "आईला सांग, सर म्हणाले, उद्या पोळी खाऊन पाठवा, नुसता चहा-पाव नको." आणि ती, आमची शॉर्टस्टॉप, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा राखणारी, आमच्या सगळ्यांत चपळ, माझ्याच रस्त्यावर राहणारी, ती रोज म्हणायची, "मी चालत जाते, सर." "अगं, अंधार पडतोय." "चालत जाते." आम्ही हसायचो. "महाराणीला लुना चालत नाही, मोटार पाहिजे!" ती खाली बघून चपलेचा अंगठा नीट करायची आणि निघायची. दिवाळीनंतर तिचे वडील दाखला काढायला आले. दाखले तुमच्या अक्षरात लिहायचे असा हेडमास्तरांचा आग्रह होता, आणि मी शेजारी बसून रजिस्टरमधून जन्मतारीख वाचून दाखवत होते. शाळा सोडण्याचे कारण : घरगुती. प्रगती : चांगली. वर्तणूक : चांगली. मी विचारलं, "सर, सगळ्यांचंच 'चांगली' कसं हो?" तुम्ही हसलात. "मग काय वाईट लिहू? लिहायचं असतं ते." पेन क्षणभर थांबलं होतं का? मला आता वाटतं की थांबलं होतं. पण ते आत्ताच वाटतंय, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नाही.

आता इथलं. मी कायझर्सलाउटर्नला पीएचडी करते, दिवसभर धातूच्या पट्ट्या ताणून तोडते. या भागात अमेरिकन लोक बरेच, म्हणून बेसबॉल, सॉफ्टबॉलचे क्लब आहेत. तीन वर्षांपूर्वी मी एका क्लबात लहान मुलींना शिकवायला गेले, मोठ्या उत्साहानं, जे मला मिळालं ते पुढे द्यायचं वगैरे. त्यांनी काय मागितलं असेल? पोलिसांचा दाखला. एरवाइटर्टेस फ्यूरुंग्सझॉयग्निस. नाव उच्चारेपर्यंत माणूस गुन्हा करून मोकळा होईल. मुलांच्या बाबतीत माझ्या नावावर कुठलाही गुन्हा नाही, असं सरकारनं लिहून द्यायचं. मी इतकी दुखावले की त्या रात्री आईला फोन करून रडले. आई म्हणाली, "अगं, वर्तणुकीचा दाखलाच ना तो? आपल्याकडे फुकट देतात." मग एक रविवार प्रशिक्षणात गेला. क्लबात एक बाई आहेत, पेशानं दंतवैद्य, मुलांच्या सुरक्षिततेचं काम त्यांच्याकडे. त्यांनी नियम सांगितले. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस, असं बंद जागेत कधीच नाही, गाडीतही नाही, घरी पोचवतानाही नाही. मुलाला वेगळे मेसेज नाहीत. मुलानं काही सांगितलं तर खोदून विचारायचं नाही, त्याचेच शब्द लिहायचे, अर्थ आपण लावायचा नाही, आणि त्याच दिवशी कळवायचं. मी मागच्या रांगेत बसून तुमच्या लुनाचा विचार करत होते. म्हटलं, या लोकांच्या नियमात माझे सर नापास झाले असते. मला हसू आलं होतं, सर. तुमच्या बाजूनं.

काका आमच्या क्लबातले मदतनीस. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, सॉफ्टवेअरमधले, स्वतःचा मुलगा मोठा होऊन निघून गेला तरी मैदान सुटलं नाही. बॅटिंगची जाळी बांधतात, पाण्याच्या बाटल्या भरतात, मुलींना 'राणी सरकार' म्हणतात आणि सरावानंतर ज्यांना न्यायला कुणी आलं नाही त्यांना गाडीनं घरी सोडतात. एका वेळी एक. गावातल्या सात-आठ मराठी घरांचा गणपती त्यांच्याकडेच बसतो. मी आले तेव्हा मला खोली मिळवून दिली ती त्यांनीच. मी त्यांना दोनदा सांगितलं, "काका, गाडीत दोन मुली तरी बसवा, नाहीतर काकूंना घ्या." ते जर्मन ढंगात म्हणाले, "आल्झो, हे जर्मनांसाठी असतं गं. आपण आपले." मी ते सोडून दिलं. त्यांच्या जागी मला तुम्ही दिसत होतात ना.

शनिवारी सराव संपला. आमच्यात एक अकरा वर्षांची मुलगी आहे, मराठी घरातली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. तिचं घर चढावर, तीन किलोमीटर. काकांनी हॉर्न वाजवला. "चला, राणी सरकार!" ती कुंपणाशी उभी राहिली. बूट बदलून झाले होते तरी खाली वाकून पुन्हा नाडी सोडून बांधायला लागली. मी म्हटलं, "अगं, काका थांबलेत." ती वर न बघता म्हणाली, "इश लाउफ लीबर." मी चालतच जाते.

मी हातातली बॉलची पिशवी खाली ठेवली.

मग काकांना सांगितलं, तुम्ही जा. "अगं, चढ आहे, पोरगी दमलीय." मी म्हटलं, "तिला चालायचंय." तिच्या आईला फोन लावला तर ती कामात. "काका आहेत ना? मग मला कशाला फोन? आपलेच आहेत ते." आता गंमत बघा. मीही तिच्याबरोबर एकटी जाऊ नये असा नियम. मला नियमांचा इतका राग आला की काय सांगू. शेवटी मैदानाची देखभाल करणारे आजोबा आहेत, त्यांना विचारलं. ते "या, या" म्हणाले, म्हणजे हो, हो, कुत्र्याला साखळी लावली आणि निघाले. अशी आमची वरात : ती पुढे, मग कुत्रा, मग आजोबा, मागे बॉलची पिशवी घेऊन धापा टाकत मी. तिनं रस्ताभर कुत्र्याबद्दल पंचवीस प्रश्न विचारले. मी एकही विचारला नाही. दाराशी गेल्यावर ती वळून म्हणाली, "पुढच्या वेळी पण?" हे मराठीत म्हणाली.

रविवारी काकांचा फोन. "पोरी, माझ्यावर संशय? तुझ्या बापाच्या वयाचा आहे मी." मी म्हटलं, "संशय नाही काका, नियम आहे." "नियम! तुला खोली शोधून दिली तेव्हा कुठला नियम बघितला होता गं मी?" त्यानंतर मुलीच्या आईचा. ती तर माझ्यावर तुटूनच पडली. "काल काकांना किती लागलं माहितेय? माझी पोरगी हट्टी आहे, तिला चालायचं वेड आलंय, एवढंच. तू त्याचं काय करून ठेवलंस? इतकं नाटक होणार असेल तर मी तिला पाठवतच नाही खेळायला." मी एवढंच म्हटलं, "ताई, तिला ओरडू नका. आणि तिचं खेळणं नका थांबवू." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी सतरा वर्षं उशिरा बोलले. तेही चुकीच्या घरात.

तेव्हापासून मी तुमच्याशी भांडते आहे. तुम्ही चांगले होतात. हे मी कुणालाही छाती ठोकून सांगेन. पण कशाच्या जोरावर? माझ्याशी चांगले होतात म्हणून. बाकीच्या अकरा जणींना मी कधी विचारलं? तिला कदाचित पेट्रोलच्या वासानं मळमळत असेल. वडिलांनी बजावलं असेल, कुणाच्या गाडीवर बसायचं नाही. किंवा रोजचा तेवढाच वेळ तिचा एकटीचा असेल. तुमची भीती वाटत होती असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय की वाटत असती तर ती कुणाला सांगणार होती? तुम्हालाच ना? सगळं मैदान तुमच्यावर उभं होतं, आणि तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. तुम्ही चांगले निघालात हे आमचं नशीब. मैदानभर अनवाणी चालून काचा वेचणाऱ्या माणसानं आम्हाला निव्वळ नशिबावर सोडावं? ती रोज चालत जाते म्हणते, रोज, आणि तुम्ही फक्त अंधार पडतोय म्हणता? एकदा मला किंवा कुणा बाईंना तिच्याबरोबर पाठवता आलं नसतं? चौघींना एकत्र चालत सोडता आलं नसतं? आणि मी तरी काय, हसणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता.

मंगळवारी ती मुलगी सरावाला आली. आईबरोबर, चालत. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. कुंपणाशी शेवटपर्यंत घट्ट हात बांधून उभी राहिली आणि मुलीला घेऊन चालत परत गेली. मला वाटलं, झालं, मिटलं, आता क्लबाला काही लिहून कळवायची गरज नाही. इतकं हलकं वाटलं की मी जाळी गुंडाळताना गुणगुणत होते. तेवढ्यात हॉर्न वाजला. "चला, राणी सरकार!" आणि दुसरी एक मुलगी, नऊ वर्षांची, एकटी काकांच्या गाडीत जाऊन बसली. हसत बसली. मीही तुमच्या लुनावर हसतच बसायचे.

त्या दंतवैद्य बाईंना त्याच दिवशी कळवायचं असतं. मी चार दिवस घेतले. हे मान्य करते, आणि आणखी एक : आमच्या शॉर्टस्टॉपचा नंबर मिळवणं अवघड नाही, गावात एक फोन केला की मिळेल. मी केलेला नाही. ती काय सांगेल याची मला भीती वाटते. तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. तुम्ही वाचून एकच विचारलं असतंत, "माझ्यावर संशय का गं?" आणि मी लगेच नाही म्हटलं असतं, मग सगळंच राहिलं असतं.

क्लबाचा फॉर्म एका पानाचा आहे. काय पाहिलं, काय ऐकलं, कुणाच्या शब्दांत. मी तिचे तीन शब्द होते तसे लिहिले, कोणत्या वारी कुणाला एकटीला गाडीनं नेलं ते लिहिलं, काकांचं नाव लिहिलं. शेवटी एक रिकामी चौकट असते, आणखी काही सांगायचं असल्यास. तिथे मी लिहिलं होतं, माणूस चांगला आहे. बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. जर्मनमध्ये लिहिलेली होती तरी ती मला तुमच्या अक्षरात दिसत होती. काल दुपारी, प्रयोगशाळेत पट्टी मशीनला लावून ठेवल्यावर, मी ती ओळ खोडली आणि फॉर्म पाठवून दिला.