नाव घातलेलं ताट

कोल्हापूर,
ता. ११ नोव्हेंबर १९६७

ती. आक्कास,
प्रमोदिनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचलंस की बंबात टाक. यांचा इंजिनांचा कारखाना बंद होऊन सात महिने झाले. उद्यमनगरात जिकडेतिकडे मंदी. तीन निवेदनं दिली, सरकारचं उत्तर एकच, विचार चालू आहे. म्हणून परवा आम्ही बायका ताटं वाजवत कलेक्टर कचेरीवर गेलो. शेजारच्या चिमणाबाईनं बजावलं होतं, जाड ताट घ्या की वैनी, सायबाच्या कानापातूर गेलं पायजे. घरात जाड ताट एकच, तू माझ्या लग्नात दिलेलं पितळी. असं वाजलं की मीच हरखले!

मग लाठ्या सुरू झाल्या. चिमणाबाईचं कपाळ फुटलं. तिला ओढताना माझ्या हातातलं ताट पडलं. घरी येऊन पाणी प्यायले आणि आठवलं, त्यावर भाऊजींचं नाव घातलंय, अंबादास केशव मुतालिक, गारगोटी. पडलेली ताटं पोलिसांनी गोळा केलीत म्हणे. आणि भाऊजी मामलेदार कचेरीत कारकून! त्यांच्या नोकरीवर आलं तर मी काय तोंड दाखवू? दार वाजलं की आधी खिडकीच्या फटीतून बघते.

हवं तर रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझी,
प्रमोदिनी


गारगोटी,
ता. १६ नोव्हेंबर १९६७

चि. सौ. प्रमोदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आधी ताटच आलं, हवालदाराच्या हातातून. लहानपणापासून वस्तू तू हरवायच्या आणि बोलणी मी खायची!

हे पांढरेफटक पडले. घाबरून बोलून गेले, ताट चोरीला गेलंय. हवालदारानं वही उघडली, मग संशय कुणावर हाय त्ये सांगा की. ताट तुझ्याकडे, म्हणजे चोर कोण ठरणार? मी पुढे होऊन सांगितलं, चोरीबिरी काही नाही, मोर्चात मीच होते.

काल यांना कचेरीतून कारणे दाखवा नोटीस मिळाली. रागानं पानही स्वतःच वाढून घेतात. फार भीती वाटते गं, तुला कशाला खोटं सांगू?

पुढचा मोर्चा कधी ते कळव. मी येते. कबूल करून बसलेच आहे, तर एकदा जाऊन तरी बघते. घरातलं दुसरं ताट मी आणीन. यांचं नाव त्यावरही आहेच.

त्र्यंबकरावांना नमस्कार. चिमणाबाईच्या कपाळाला हळद लाव, आणि दाराला कडी घालून राहा.
तुझी,
आक्का