मागच्या कागदांसकट

प्रिय पेंटर,

सगळी अहेरी तुम्हाला याच नावानं हाक मारायची, मग मीही मारते. आज लिहायला बसले, कारण तुमच्या वाघाच्या चित्रकथांचं नागपूरला पुस्तक व्हायचं आहे. प्रकाशक घरी येऊन गेले. चित्रं फार आवडली त्यांना. म्हणाले, "बाई, प्रत्येक गोष्टीच्या मागं पेंटरनी जोडलेले कागद तेवढे काढू. नोटीस, पंचनामा, पोस्टकार्ड. पोरांना ते कोण वाचायला लावणार?"

मी म्हटलं, "मले त्या कागदांनीच वाचायले लावलं."

खोटं बोलले का? दुकानांच्या पाट्या रंगवून आलात की तुम्ही गोष्टी काढायला बसायचात. मी विचारायचे, चित्रात वाघानं बैल मारला, मग मागच्या पंचनाम्यात काय लिहिलंय? तुम्ही कधी सांगितलं नाहीत. "वाच ना तूच." अक्षराला अक्षर जोडत मला महिना लागला. लिहिलं होतं, बैल आजारानं मेला, म्हणजे भरपाई नाही. आधी हसू आलं, मग राग आला. तो राग चित्रात कुठंच नव्हता.

आणि ती नोटीस? "मोहफुलं वेचण्यास सर्वांस मुभा आहे", खाली तुम्ही काढलेला गोल शिक्का. तुम्ही गोष्टींच्या झेरॉक्स गावोगाव वाटायचात; एटापल्लीकडच्या एका बाईनं त्यातलं ते पान फाडून खरंच जंगलाच्या नाक्यावर दाखवलं. शिपाई म्हणाला, "अक्षर तं आमच्या बोर्डाचंच हाय. जा." बोर्ड तुम्हीच रंगवलेला! तुम्ही मात्र घाबरलात आणि पुढच्या झेरॉक्समधून नोटीस काढून टाकलीत. पेंटर, तिथं तुमचं चुकलं. त्या बाईची टोपली भरली होती. नोटीस मी परत लावली आहे.

प्रकाशकांना काल कळवलं: कागदांसकट छापा, नाहीतर चित्रंही परत करा. तुमचे भाऊ चिडले. "वहिनी, आलेला चान्स काऊन घालवून राह्यल्या? कागद तं सारे नकली हायेत."

"भाऊजी," म्हटलं, "मंग वाघ कोणता असली हाय?"

त्यानंतर ते चहा पिऊन गेले.

तुम्ही गेलात आणि शेवटच्या गोष्टीचा पंचनामा अपुरा राहिला. मजकूर पुरा आहे, एका पंचाची सहीही आहे, दुसऱ्याची जागा कोरी. प्रकाशक हो म्हणोत की नाही, वचन देते: तिथं दुसऱ्या कुणाचं नाव येऊ देणार नाही. अंगठा नाही, सही करीन.

तुमची,
शेवंता
पंच क्रमांक दोन