जांभळाखाली काय आहे

जाफराबाद,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. शिवाजीस,
अक्काचा सप्रेम जयभीम.

इकडे बरं आहे. तूर घरात आली. तुझ्या दाजींचा गुडघा कुरकुरतो, पण जीपमध्ये मागं लटकायचं काही सोडत नाहीत. प्रीतीचे बारावीचे पेपर सुरू झाले असतील. तिला सांग, आत्या रागावली आहे, पण तिच्यावर नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

वाटूरच्या बागेत ज्या सुधारणा करणार आहात त्या चांगल्या आहेत, हे आधी सांगते. चालायला रस्ता, दिवे, बायकांसाठी संडास, सगळं हवंच होतं. रस्त्यात जाऊन उरलेला तो शेताचा तुकडा मायनं गावाला दिला तो लेकरांनी तिथं खेळावं म्हणूनच. बैठकीत मी मागं बायकांत बसले होते आणि तू पुढं, कमिटीच्या खुर्चीवर. खरं सांगू, ऊर भरून आला होता माझा.

मग कारंजं जांभळाच्या जागी घ्यायचा विषय निघाला. जुन्या शेतात खोदायचं तर मशीनवाला आधी मूळ मालकाला विचारतो, खाली कुणाचं काही आहे का. थडगं, समाधी, देव. असलं तर तो हात लावत नाही, कुणी कितीही सांगो. तसं जेसीबीवाल्या संपतनं तुला विचारलं, "शिवाजीभाऊ, या जांभळाखाली काई हाय का?"

तू मान वळवून माझ्याकडं पाहिलंस. आणि म्हणालास, "काईच न्हाई. चालव बिनधास्त."

शिवाजी, माय गेली तेव्हा बाग झाली नव्हती, ते अजून शेतच होतं. तिच्या अस्थी आपण नदीत सोडल्या नाहीत. तिथंच खड्डा खणून त्यात तूच मडकं उपडं केलंस, मी जांभळाचं रोप धरलं, दोघांनी त्रिशरण म्हटलं. ओटा बांधू नका, नाव टाकू नका, नाहीतर लोक नारळ फोडत बसतील, असं तिनंच बजावलं होतं. म्हणून तिथं साधा दगडही नाही. तिची खूण म्हणजे तू आणि मी, एवढीच.

तिथं भावाला चारचौघांत खोटं पाडायला जीभ रेटेना. बाहेर तुला गाठलं तर म्हणालास, "अक्का, आपल्या मायचं नाव निघालं की लोक म्हंतील, बागेत बी यांनी स्मारक घुसवलं. आत्ता कुठं मला बराबरीनं बसवून राह्यले. उगं कशाला?"

उगं कशाला!

लोकांनी तिला नाकारलं असतं तर भांडले असते, ते येतं मला. तू नाकारलंस. आणि ज्या खुर्चीवर बसून नाकारलंस ती मिळाली तिच्याच जमिनीमुळं. विश्वासघात हा शब्द मी लिहिणार नव्हते. लिहिला.

तुझी भीती खोटी आहे असं नाही. मीही त्याच गावात वाढले. पण भीती वाटली तर 'कारंजं जरा पलीकडं घ्या' एवढंच म्हणायचं होतंस. कुणी कारण विचारलं नसतं. न्हाई कशाला म्हणालास?

सोमवारी संपत मशीन आणणार आहे. मी पहिली एसटी धरून, जालन्याला गाडी बदलून येते आणि जांभळाखाली बसते. आरडाओरडा करणार नाही. तो विचारेल, खाली काय आहे. मी सांगेन, माझी माय आहे, कांताबाई. मग तो तुझ्याकडं बघेल, कारण मालक म्हणून तो तुलाच ओळखतो. तू काय सांगशील ते तिथंच ऐकेन.

भावजयीला, सुरेखाला, आशीर्वाद सांग. हे पत्र तिच्यापासून लपवू नकोस.

सोमवारपर्यंत तुझी अक्का,
आणि तू पुन्हा न्हाई म्हणालास, तर कांताबाईचं एकुलतं एक लेकरू,

बेबीनंदा