पेशंटच्या शब्दांत

मुलुंड,
१२ फेब्रुवारी १९८४

चि. प्रेमास,

वनूताईचे आशीर्वाद. नानांना नमस्कार सांग. दादूबरोबर पाठवलेलं खाजं पोचलं. अर्धं त्याने वाटेतच फस्त केलं असणार.

साखरपुड्यानंतर तू आणि चंद्रप्रकाशांनी स्टुडिओत काढलेला फोटोही मिळाला. फोटोच्या मागे त्यांनी लिहिलंय, 'प्रेमा पायरीवरून घसरली, मनगट मुरगळलं, काळजी नसावी.' तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही म्हणून रुसली असशील. चार कागद फाडले गं.

रजा मिळाली नाही म्हणून मी साखरपुड्याला नव्हते. पण त्यांना मी आधी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांची पहिली बायको सुलक्षणा आमच्या वॉर्डात दाखल झाली होती. हात मोडलेला, अंगावर डाग, काही काळेनिळे, काही जुने पिवळे पडलेले. ती तापाने गेली असंच तुम्हाला सांगितलंय ना?

दाखल करताना आम्ही पेशंटला सगळं विचारून फॉर्म भरतो. त्यात एक रकाना असतो, 'पेशंटच्या शब्दांत'. शिकताना आमच्या बाईंनी घोकून घेतलं होतं की हे विचारताना नातेवाईकाला चहा आणायला पिटाळायचं. मी पिटाळलं नाही. माणूस इतका गोड! तिला चमच्याने पेज भरवत होता. सगळा वॉर्ड म्हणत होता, नवरा असावा तर असा. मीही म्हटलं. मी तिला विचारलं की ती त्याच्याकडे बघायची, आणि तो सांगायचा, "मोरीत घसरली हो सिस्टर. हिला चक्कर येते." तेच मी तिचे शब्द म्हणून लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी तो औषध आणायला गेला, तेव्हा तिने हळूच विचारलं, "सिस्टर, कागदावर लिहून झालं?"

"झालं की."

"मग राहू दे."

खोटं कशाला बोलू, मला कळलं होतं. तरी मी पुढच्या खाटेकडे गेले.

दोन महिन्यांनी तिला परत आणलं. डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी माझा जुना कागद पाहिला आणि तसंच पुढे लिहिलं, चक्कर येऊन पडली. ती पुन्हा बोललीच नाही.

परवा तो पेढे घेऊन वॉर्डात आला. वाकून नमस्कार केला. "वनूताई, ओळखलंत ना? तेव्हा तुम्हीच लिहून घेतलं होतं. फार नीट लिहिलंत." मी तोंड उघडलं तर तो माझाच कागद माझ्यापुढे धरील, हे सांगायला आला होता. धरू दे. मेट्रनबाईंना मी काल सगळं लिहून दिलं. नोकरी गेली तर गेली.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. 'ते म्हणतात, शिवणाचा क्लास सोड. ते म्हणतात, मैत्रिणी पुरे झाल्या. ते म्हणतात, लग्नानंतर ताईकडे सारखं जायला नको.' एका पानात नऊ वेळा 'ते म्हणतात'. सगळ्या वाडीला तोंडावर उत्तर देणारी माझी बहीण त्या पत्रात कुठेच नाही.

हे लग्न करू नकोस. नानांना मी वेगळं लिहिते आहे. शिमग्याला तो तिकडे येईल, त्याआधी मला उत्तर पाठव. दार लावून, जवळ कोणी नसताना, तुझ्या शब्दांत लिही.

प्रेमा, तुझ्या मनगटाला काय झालं?

या वेळी पुढच्या खाटेकडे न जाणारी,
तुझी वनूताई