आरूचे पाच

५ मे
सकाळी सून स्नेहा, नात आरू आणि मी कल्याण नाक्याजवळचं प्लेस्कूल बघून आलो. तिथल्या बाईंनी आरूपुढे मण्यांची वाटी ठेवली आणि पाच मणी मागितले. तिने मूठभर दिले. बाई हसल्या, म्हणाल्या, जूनपासून पाठवा, येईल सगळं.
घरी आल्यावर स्नेहा बोलली. साडेतीन वर्षांची झाली, एक ते दहा घडाघडा म्हणते आणि पाच मणी देता येत नाहीत. दिवसभर नुसती आबांच्या, म्हणजे माझ्या, मागे फिरते.
तिचं चूक नाही. पण गोदामात माझी दुपारची शिफ्ट. सकाळ आम्हा दोघांचीच असते. आणखी एक वर्ष घरी राहू दे, असं धीर करून म्हटलं. स्नेहा म्हणाली, "बाबा, महिनाअखेरपर्यंत तिला पाच नीट कळू दे. मग बघू."

६ मे
पूजेनंतर आरूला घेऊन बसलो. ओळीत चिंचोके मांडले. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं. तीन चिंचोक्यांवरच "पाच" होऊन जातात.
शेलार गावच्या शाळेत आम्ही पहिलीला हेच करायचो. गुरुजी जमिनीवर खडूने रेघ ओढायचे. चिंचोका उचलायचा, रेघेपलीकडे ठेवायचा, मगच आकडा बोलायचा. चुकलं तर सगळे परत अलीकडे. हातावर खडूचा वास राहायचा, भाकरी खातानासुद्धा.
आज फरशीवर तशीच रेघ ओढली. सौ. म्हणाली, "पुसनार कोन ती?"

९ मे
सदाफुलीच्या पाकळ्या पाच. आरू मोजायला लागली की थांबतच नाही, फूल गोल, कुठून सुरुवात केली ते तिला कळत नाही. सात, आठ, दहा. सौ.ने देवापुढचं कुंकू बोटावर घेतलं आणि एका पाकळीला टिकली लावली. तिथून सुरू करायचं, परत कुंकू आलं की थांबायचं. पहिल्या फटक्यात जमलं.
मला हे सुचलं नव्हतं.

१४ मे
वाटीखाली चिंचोके लपवायचा खेळ. पाच दाखवायचे, डोळे मिटायला लावायचे, दोन वाटीखाली. बाहेर तीन. लपले किती? आरू वाटी उचलूनच बघते. मग म्हणते, "तिथे होते!" सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "जुगार शिकवताय का नातीला?"
संध्याकाळी गोदामात माल उतरत होता. तिथे कोणी मोजत नाही, खोक्यावर मशीन धरलं की आकडा स्वतःच येतो. पूर्वी ह्याच बाजूला आमची भातशेती होती. आता सांगूनही कोणाला खरं वाटत नाही.

१८ मे
आज घोळ झाला.
वाटीने तांदूळ मोजून डब्यात ओतायचा खेळ घेतला. पहिली वाटी ओतली आणि माझ्या तोंडातून आलं, "लाभ." मग दोन, तीन.
कितीतरी वर्षांनी आला हा शब्द. वडील खळ्यावर भात मोजायला बसले की पहिल्या पायलीला एक म्हणत नसत. लाभ म्हणायचे. पहिलं माप देवाचं. मोजताना आजूबाजूला कोणी बोलायचं नाही. भाताचा भुसा त्यांच्या पापण्यांवर बसलेला असायचा. मी पोतं धरून उभा.
आरूने विचारलं, लाभ म्हणजे काय? सांगितलं, पहिलं देवाचं. तिला फारच आवडलं.

२१ मे
आता सगळंच लाभपासून. चपला, पायऱ्या, चपात्या. मी "एक" म्हटलं की मलाच दुरुस्त करते.
सौ. म्हणते, "आता प्लेस्कूलवाल्या बाई ऐकतील नि हसतील. तुमी तिला खळ्यावर बसवलंत." स्नेहाने अजून ऐकलं नाही. निदान काही बोलली नाही.
आरूला हा शब्द सोडायला लावायला हवा. दोनदा तोंड उघडलं. वडिलांचा शब्द चूक आहे, असं तिला कसं सांगू.

२६ मे
लाभ आहेच. पण बोट आणि तोंड आता बरोबर चालतात. वाटीखालचे किती, हेही कधी कधी न उचलता सांगते. कधी कधीच.

३० मे
स्नेहाची सुट्टी. सकाळी टोपलीत करवंदं होती. तिने आरूला सांगितलं, मला पाच आणून दे.
आरू टोपलीपाशी उकिडवी बसली. उचलून उचलून बशीत ठेवत होती. "लाभ, दोन, तीन, चार, पाच." बशी घेऊन आधी देव्हाऱ्याकडे गेली, एक करवंद तिथे ठेवलं आणि बशी आईपुढे आणली.
स्नेहाने बघितलं. "आरू, चारच आहेत."
"पाच. एक देवाकडे हाय."
स्नेहाने माझ्याकडे पाहिलं. सौ. दारात येऊन उभी राहिली. मग स्नेहाने बशीतलं एक तोंडात टाकलं. "आता किती?"
आरू बशीकडे बघत राहिली. मग देव्हाऱ्याकडे बोट केलं, आईच्या पोटावर बोट ठेवलं, मग बशीतली एकेक. "पाचच. आई, तू खाल्लंस ना एक."
स्नेहा पदराने आरूची जांभळी बोटं पुसत बसली.

३१ मे
सकाळी व्हॅनवाला दारात. टेमघरची मुलं जूनपासून न्यायची आहेत, तुमची धरू का, म्हणून विचारत होता. स्नेहा कामावर निघालेली, पायात चपला. म्हणाली, दोन दिवसांनी या.
तो गेल्यावर वळली. "बाबा, सहा कसं शिकवाल?"
एवढं विचारून ती गेली.
आरू अजून झोपलेली आहे. मी घरभर फिरून सहा असलेली एखादी वस्तू शोधतो आहे.